लाकडातलं पाणी

आमच्या घरात लाकडाला पाय लागला तर हात लावून तो कपाळाला न्यायची रीत होती. लोक पुस्तकाला पाय लागला की करतात, तसं. मायचा कटाक्ष तर असा, की वाकस अंगणात पडलेला असला तर ती त्याला वळसा घालून जायची, ओलांडायची नाही. ढलप्या मात्र तिच्या. बाबांचं काम चाललं की संध्याकाळी त्या टोपल्यात गोळा करायच्या आणि चुलीत घालायच्या. बाभळीच्या ढलप्यांची आच कडक आणि धूर कमी. आमच्या घरची भाकर गावात नाव घेण्यासारखी फुगायची, त्यात मायचा हात किती आणि बाभळीचा किती, हे आता कोण सांगणार.

मेहकर तालुक्यातलं आमचं गाव. पैनगंगा जवळून जाते, पण आमच्या वाटेला तिचा एक नाला आला. आम्ही जातीनं सुतार, वऱ्हाडात म्हणतात तसे वाढई. चार एकर कोरडवाहू शेती आणि गावाची सुतारकी, यावर आजोबांनी सहा लेकरं वाढवली आणि बाबांनी आम्हा चौघांना. औतामागं ठरलेली ज्वारी खळ्यावर मिळायची. त्या बदल्यात वर्षभर त्या शेतकऱ्याचा वखर, डवरा, तिफन, जू, बंडी, सगळं दुरुस्त ठेवायचं. नवं काम असलं तर वरून काही द्यायचे, लाकूड शेतकऱ्याचं. पैसा फारसा हातात यायचा नाही. अवसेला मात्र काम बंद. त्या दिवशी कुणाची बंडी वाटेत मोडली तरी बाबा उठायचे नाहीत. म्हणायचे, "हत्याराले बी एक दिस पाठ टेकू द्या ना बापा."

हत्यारं मोजकीच होती. वाकस, दोन करवती, तीन पटाश्या, एक किकरं, रंधा, गिरमिट, सामता, गुण्या, कानस आणि एक लाकडी मोगरी. आता मेहकरच्या दुकानात गेलं तर विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी भिंत भरलेली दिसते. पण खरं सांगतो, आमच्या गावातली निम्मी कामं एकट्या वाकसानं व्हायची. तोडणं, तासणं, सालपट काढणं, खुंटी ठोकणं, अन् काम संपल्यावर पाठ खाजवणं बी. बाबा ठोकळ्यापाशी उकिडवे बसायचे, डाव्या पायाच्या अंगठ्यानं लाकूड दाबून धरायचे आणि त्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर वाकस पडायचा. मी लहानपणी तो अंगठाच बघत बसायचो. आज लागेल, उद्या लागेल, असं वाटायचं. कधी लागला नाही.

लाकूड ओळखणं हे निम्मं काम. कशाला काय चालतं हे ठरलेलं. औताला आणि चाकाला बाभूळ. घराच्या दारा-चौकटीला सागवान, परवडला तर, नाहीतर निंब, कारण निंबाला वाळवी लवकर धरत नाही. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, तो लवचीक असतो, हाताला हिसका बसू देत नाही. जुवाला तिवस मिळाला तर बैलाचं नशीब, लाकूड चिवट. अंजनाचं लाकूड ज्ञानगंगेच्या जंगलाकडं. ते इतकं कठीण की बाबा म्हणायचे, अंजनाले हत्यार लावाचं म्हंजे आधी धार लावनाऱ्याशी सोयरीक करा.

बाभूळ तोडायची ती अंधाऱ्या पाखात. मग लगेच कामाला घ्यायची नाही. ओंडके नाल्याच्या डोहात बुडवून वर दगड ठेवायचे. चार-सहा महिने तिथंच. पाणी काळं व्हायचं, असा वास सुटायचा की गुरं त्या अंगाला पाणी पीत नसत. पण त्या भिजण्यानं लाकडातला गोड रस निघून जातो आणि भुंगा लागत नाही. बाहेर काढलं की सावलीत, जमिनीपासून वर, दोन आडव्या दांड्यांवर वाळत ठेवायचं. उन्हात ठेवलं तर तडकतं. म्हणजे आज झाड पाडलं तर पुढच्या सालाच्या औताची सोय. आजोबा तर तोडलेलं बाभूळ कोणत्या पोरीच्या लग्नातल्या बंडीला लावायचं, हे पोरगी परकरात असतानाच ठरवून ठेवायचे.

या सगळ्यात मला भुरळ होती ती चाकाची. मधला तुंबा, त्यात बारा आरे, त्यावर सहा पुठ्ठे. एका पुठ्ठ्यात दोन आरे. कुठं खिळा नाही, सरस नाही. कुसवात कुसू बसलेलं, बस. तुंब्याचे बारा वेज पाडताना बाबा कुणाशी बोलायचे नाहीत. एक वेज केसभर तिरका गेला तर चाक जन्मभर डुलत चालतं, आणि ज्याची बंडी त्याच्या मागच्या माणसाला ते दिसतं. चाक तयार झालं की लोहाराकडं धाव चढवायला न्यायचं. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान केलेली असायची. गोवऱ्यांचा जाळ करून ती लाल तापवायची, तापली की वाढते. मग चौघांनी सांडशीनं उचलायची, चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लगोलग वरून पाण्याच्या घागरी. धूर, वाफ, जळत्या लाकडाचा वास, आणि त्या गोंधळात चाकातून एक आवाज यायचा. करकर करत बारा आरे एकदम आपापल्या जागी घट्ट बसायचे. बाबा तेवढ्यासाठी कान लावून उभे असायचे. आवाज बरोबर आला की तंबाखूची चंची काढायचे.

अशा बंड्यांवर तेव्हा कापूस जायचा. 1972 साली सरकारनं एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, तेव्हापासून तर खरेदी केंद्रांवर बंड्यांच्या रांगाच लागायच्या. दोन-दोन रात्री बंडीखाली झोपून माणसं नंबर धरायची. बाबा अशा रांगेतून चालत गेले की माणसांकडं बघत नसत, चाकांकडं बघत. हे आपलं, हे आपलं नाही, हे आपलं पण आरा दुसऱ्यानं बदललेला.

त्याच सालचा दुष्काळ मी बारा वर्षांचा असताना पाहिला. लोकांनी बैल विकले. बैल नाही तर औत नाही, अन् औत नाही तर वाढई कशाला. बाबा आणि माय खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेले. अमेरिकेची ती तांबडी मिलो ज्वारी घरात आली, तिची भाकर थापताना माय रडायची. पण कामावरच्या मुकादमाला कळलं की हा सुतार आहे, तेव्हा बाबांना खडी सोडून घणाचे आणि टिकावांचे दांडे बसवायला दिलं. त्यांना तेवढं बरं वाटलं. घरी येऊन म्हणाले, "आज हातात लाकूड आलं."

एवढं प्रेम असणारा माणूस मला मात्र हत्याराला हात लावू देत नव्हता.

याचं कारण मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त मार कळायचा. एकदा बाबा जेवायला बसलेले असताना मी पटाशी घेऊन पाटीच्या चौकटीवर माझं नाव कोरायला घेतलं. बाबा उष्ट्या हातानं उठले. "लेखनीनं लिव. वाकसानं पोट भरत न्हाई आता. मी शेवटचा हाय याच्यातला." खरं तर तेव्हा सगळ्या गावाचं पोट त्याच वाकसावर होतं. पण खेड्यातला कारागीर हवामान आधी ओळखतो. मेहकरच्या रस्त्याला ट्रॅक्टर दिसायला लागले होते, लोखंडी औतं बाजारात आली होती, बंडीला टायर लागत होते. बाबांना पुढचं दिसत होतं आणि मला समोरचं.

शाळेत गंमत बघा, तिथं कार्यानुभव नावाचा विषय होता. गुरुजी आम्हाला पुठ्ठ्याची घरं करायला लावायचे. लाकडाचं घर ज्याच्या अंगणात उभं राहू शकतं ते पोरगं शाळेत पुठ्ठ्याला खळ लावत बसायचं. वर्ध्याला गांधीजींनी 1937 साली हातानं काम करत शिकायची नई तालीम मांडली, ते मी नंतर कुठंतरी वाचलं. आमच्या गावापर्यंत येता येता तिचा पुठ्ठा झाला होता.

1976 ला दहावी झालो. पास झालो, पण तलाठ्याची किंवा मास्तरची नोकरी त्या मार्कांवर मिळण्यासारखी नव्हती, आणि पुढं शिकायला मेहकरला खोली करून राहायचं तर पैसे नव्हते. मी शेतात लागलो. बाबा माझ्याशी वर्षभर नीट बोलले नाहीत. मी औत हाकायचो, ते औत बनवायचे, आणि आमच्या दोघांच्या मधात त्यांनी ती भिंत तशीच ठेवली. चोरून बघून मला निम्मं काम येत होतं. पण डोळ्यानं आलेलं काम आणि हातानं आलेलं काम यांत फरक असतो, तो कळायला 1979 साल यावं लागलं.

त्या वर्षी अखाजीच्या आधी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. सकाळी लोटा घेऊन निघालेला माणूस गोठ्यापाशी पडला. डॉक्टर झाले, मांत्रिक झाला, अंगाला तेल झालं. जीव वाचला. पण बाजेवर पडलेल्या त्या माणसाच्या तोंडातून शब्द पुरा निघत नव्हता.

अखाजी ते मृग हा सुतारासाठी वर्षातला जिवाचा काळ. भेंडवळच्या घटानं यंदा पाऊस कसा सांगितला याच्या गप्पा पारावर रंगायच्या, आणि पारावरून उठलेला माणूस थेट आमच्या अंगणात. कुणाच्या वखराचं रुमणं, कुणाच्या तिफनीचा दाता, कुणाचं जू. त्या वर्षी लोक यायचे, बाबांकडं बघायचे, बाजेच्या कडेला टेकायचे, तब्येत विचारायचे आणि कामाचं न बोलता उठून जायचे. दुसऱ्या गावच्या सुताराकडं जायला कुणाची ना नव्हती. पण बलुतं जातं म्हणजे काय, हे मायला ठाऊक होतं. एके दिवशी तिनंच खुंटीवरचा वाकस काढून माझ्यापुढं ठेवला. बाबा बघत होते. त्यांनी डोळे मिटले.

सोपी कामं मी रेटून नेली. मग खालच्या आळीतले दादा आले. बाबांच्या वयाचे, चार बैलांचे शेतकरी. त्यांना नवी तिफन पाहिजे होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिफन म्हणजे आमचं पेरणीचं अवजार. आडवं जाड दिंड, त्यात तीन दाते खाली पुढं कललेले, दात्यांच्या टोकाला लोखंड. वर चाडं, चाड्यातून तीन पोकळ नळे निघून एकेका दात्याच्या मागं उतरलेले. बाई चाड्यावर मूठ धरते, बी नळ्यातून जमिनीत जातं. तिन्ही दाते एका खोलीनं चालले पाहिजेत, यातच सगळं आलं. दाता जास्त आडवा झाला तर बी पाताळात, उभा झाला तर बी वरच्यावर.

दादांनी दिंडासाठी बाभळीचं जुनं, दगडासारखं वाळलेलं लाकूड आणलं होतं. दात्यांना मात्र आमच्या मांडवातला एकच वाळका तुकडा पुरेसा निघाला. बाकी दोन दात्यांसाठी मी नुकती तोडलेली फांदी घेतली. ती डोहात मुरली नव्हती, सावलीत वाळली नव्हती. मृग तोंडावर आलेला, ढग जमायला लागलेले, आणि मी एकोणीस वर्षांचा. मला वाटलं, कठीण तर तेवढीच आहे.

बाबांची बाज आम्ही निंबाखाली आणून ठेवली होती. मी दाते तासत होतो आणि ते डाव्या हातानं काहीतरी दाखवत होते. तोंडातून एकच शब्द कसाबसा निघत होता. "पानी." मी उठून तांब्या नेला. त्यांनी मान फिरवली. मी परत कामाला बसलो. परत, "पानी... पानी." परत तांब्या नेला, डोकं उचलून तोंडाला लावला. त्यांनी डाव्या हातानं तो असा ढकलला की पाणी सगळं तासलेल्या दात्यांवर सांडलं. मला राग आला. दिवसभर उन्हात राबायचं आणि वरून हे. मी मायला ओरडून म्हटलं, "यायचं डोकं ठिकाणावर न्हाई. पानी मांगते अन् सांडून देते." मायनं दाते पदरानं पुसले. बाबा आडवे झाले, तोंड भिंतीकडं. त्या दिवशी परत काही बोलले नाहीत.

तिफन दिसायला देखणी झाली. कुसवं घट्ट बसली होती, मोगरीनं ठोकून बसवावी लागली. दादांनी हात फिरवला, म्हणाले, "बापाचा हात हाय तुह्या हातात." त्या वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होतो. मग पाऊस लांबला. आठ-दहा दिवस तिफन दादांच्या अंगणात उन्हात उभी राहिली.

मृग शेवटी बरसला. दादांनी हायब्रीड ज्वारी पेरली. आणि मग पावसानं ओढ दिली. त्या वर्षी देशातच पाऊसमान वाईट होतं, हे नंतर कळलं. तेव्हा आम्ही आपलं आभाळ बघत होतो. पंधराएक दिवसांनी मी आमच्या शेतातून येताना दादांच्या धुऱ्यावरून आलो. आणि उभा राहिलो.

शेतात एक ओळ उगवली होती, दोन ओळी नव्हत्या. परत एक ओळ, परत दोन मोकळ्या. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, सबंध शेत असंच. कुणीतरी कंगव्याचे दोन-दोन दात मोडून शेत विंचरावं तसं. मला हिशेब लगेच लागला. मधला दाता वाळक्या तुकड्याचा होता, तो जसा बसवला तसा राहिला. दोन्ही बाजूचे ओले दाते उन्हात वाळून आकसले, कुसू वेजात ढिलं झालं, आणि चालताना मातीच्या रेट्यानं दाते मागं जाऊन उभे झाले. त्यांचं बी वरच्यावर पडलं. वरच्या ओलीवर अंकुर आला आणि उन्हानं करपला. मधल्याचं खोल गेलं, ते खालच्या ओलीवर तगलं.

तेव्हा त्या धुऱ्यावर मला 'पानी' कळलं. सुतार ओल्या लाकडाला ओलं म्हणत नाही. लाकडात पाणी आहे, असं म्हणतो. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं.

दादांनी दुबार पेरणी केली. बियाण्याचा खर्च आणि हातातून गेलेला हंगाम, दोन्ही त्यांच्या माथी. मी त्यांना तोंड दाखवत नव्हतो. वाट बदलली, पाणवठा बदलला. सुगीत सुद्धा खळ्यावर गेलो नाही, मायला म्हटलं तूच जा. ती गेली आणि पाटीभर ज्वारी घेऊन आली. दरसालएवढीच. दादांनी माझ्यासाठी निरोप दिला होता, "पोराले सांगजो, औताचं काई न्हाई. पान्याचं झालं ते."

त्यांना पावसाबद्दल म्हणायचं होतं. निदान मायला तसं वाटलं. पण तिफन हाकणारा माणूस मागं वळून ओळी बघत नाही असं होत नाही. दोन दाते हलतात हे त्यांना पहिल्याच तासाला कळलं असेल. मग पेरणी थांबवली का नाही? पाऊस पडला की कुणी थांबत नाही, हे एक. दुसरं काय असेल, ते मी त्यांना कधी विचारू शकलो नाही. आज ते नाहीत.

बाबांना मी सांगितलं होतं, "उगवलं, चांगलं उगवलं." पोळ्यानंतर बाबा काठी टेकत चालायला लागले. एका सकाळी कुणाला न सांगता गेले ते दुपारी आले. पायाला दादांच्या शेताची काळी माती. मला वाटलं, आता काठी पडेल. त्यांनी पाणी मागितलं, खरोखरचं, आणि प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मांडवात बोलावलं आणि माझ्या दोन हातांत बाभळीचे दोन तुकडे दिले. एकाच मापाचे, एक ओला, एक वाळका. म्हणाले, "तोल." जिभेला जड जात होतं पण शब्द कळत होता. ओला जड. मग वाकसाच्या तुंब्यानं दोन्ही वाजवले. वाळक्याचा आवाज ठणक, ओल्याचा भद. मग त्यांनी माझा हात धरून एक तुकडा माझ्या गालाला लावला, मग दुसरा. हाताच्या तळव्याला घट्टे असतात, त्याला कळत नाही. गालाला कळतं. ओलं लाकूड गालाला गार लागतं, भर उन्हाळ्यात सुद्धा.

तिथून शिकवणं सुरू झालं. तीन वर्षं. उजवा हात कधी परत आला नाही. ते बाजेवर बसून डाव्या हातानं दाखवायचे आणि मी करायचो. चुकलं की काठी. मी दोन पोरांचा बाप होईपर्यंत काठी खाल्ली म्हटलं तरी चालेल. पहिलं चाक केलं तेव्हा लोहाराच्या जाळापाशी त्यांना बंडीत घालून नेलं होतं. पाणी ओतलं, आरे करकरले. त्यांनी कान लावला, मान हलवली, आणि डाव्या हातानं चंची उघडता येईना म्हणून माझ्याकडं दिली.

मी मुळात का शिकू नये असं त्यांना वाटत होतं, ते त्यांनी जाण्याआधी एकदा सांगितलं. बलुत्याचा सुतार खळ्यावर सगळ्यांच्या शेवटी उभा राहतो, हात पसरून. ते त्यांनी केलं होतं, आजोबांनी केलं होतं. आपलं पोरगं तिथं उभं राहू नये, एवढंच. हत्यारावर त्यांचा राग नव्हता.

त्यांचं भाकीत खरं ठरलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बलुतं आपोआप बंद झालं. कुणी बंद केलं नाही, कुणी भांडलं नाही. ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं, ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं. लाकडी तिफन माळ्यावर गेली. मी मन लावून शेती केली. चार एकरांत विहीर खोदली, दोन पोरं शिकवली. एक पुण्याकडं चाकणला कंपनीत आहे, एक माझ्यासोबत शेतीत. सुतारकीचा पैसा मी गेली वीस वर्षं घेतलेला नाही. लोक म्हणतात, आबाचा नाद आहे. असू द्या. शेती हा असा धंदा आहे की सहा महिने राबून हातात काय पडेल ते बाजार ठरवतो. पाट मात्र मी सकाळी घेतला तर संध्याकाळी पाट होतो. त्यावर माणूस बसतो. त्याचा भाव पडत नाही.

काय करतो म्हणाल, तर पोळपाट, लाटणी, ताकाची रवी, देव्हारे, लेकरांच्या खेळण्यातल्या बंड्या. नागपूर-वर्ध्याकडं तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल मिरवतात. आमची एक भाची तिकडं दिली आहे, तिच्या पोरांसाठी दरवर्षी एक जोडी जाते. चाकणच्या पोरानं घर सजवलं तेव्हा सगळं प्लायवूडचं केलं. मी बघायला गेलो. चकचकीत होतं, माप चोख होतं, सुतार उत्तर प्रदेशातला आणि हाताचा भारी होता. पण खोलीत वास होता तो फेविकॉलचा. लाकडाचा नव्हता. मी काही बोललो नाही. पोरानं विचारलं, "बाबा, कसं झालं?" मी म्हटलं, "वाळवी नाई लागनार."

त्याची पोरगी, म्हणजे माझी नात, उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. आठवीत गेली. तिला रंध्याची चटक लागली आहे. सालपट एकसंध, लांब निघालं की ती ते केसांत खोवते. माय असती तर पोरीच्या हातात रंधा बघून काय म्हणाली असती कोण जाणे. बहुतेक ढलप्या गोळा करायला लावलं असतं. मी तिला पटाशीची धार लावायला शिकवतो. तिचा बाप पुण्याहून फोनवर विचारतो, "हात तर नाही कापला?" कापला, दोनदा. हळद लावली.

यंदा वैशाखात दादांचा नातू आला. जुना वाडा पाडून स्लॅबचं घर बांधतोय. माळ्यावरचं सामान काढताना एक दिंड निघालं. ट्रॅक्टरच्या डाल्यात घालून आणलं होतं. म्हणाला, "आबा, याचं टीव्ही ठेवायले काईतरी करून द्या. जुनं लाकूड हाय, शो येईन."

मी ते उतरवून घेतलं आणि ओळखलं. चाळीसहून जास्त वर्षं झाली. तीन वेज. त्या सुगीनंतर बाजूच्या दोन वेजांत मी नंतर वाळके दाते बसवून दिले होते, बाबा समोर बसलेले असताना. दाते आता नव्हते, पण वेजाच्या कडेला ढिल्या दात्यांनी घासून केलेली चकाकी तशीच होती. मी पोराला म्हटलं, ठेवून जा, बघतो.

महिना झाला, ते मांडवात आहे. हत्यार लावलेलं नाही. टीव्हीचा ठोकळा करायचा म्हटलं तर वेज बुजवावे लागतील, नाहीतर मधोमध कापावं लागेल. पोरगं दोनदा फोन करून गेलं. त्याला सरळ नाही म्हणायलाही तोंड होत नाही, त्याच्या आज्याची वस्तू आहे, त्यानंच ठरवायचं. आणि त्याला सगळं सांगावं, तर कुठून सांगू.

परवा नात मांडवात आली. मी काही बोलायच्या आत ती दिंडाशी वाकली, बाजूच्या वेजात बोट घालून बघितलं, मग गाल लावला.

"आबा, वाळलंय हे. घ्यायचं का कामाला?"

म्हटलं, "थांब थोडी. चहा पिऊ आधी."